रावेतच्या हॉलमध्ये एकटीनं उचललेलं ध्रुवपद

निघोज्याला कंपनीत लागल्यापासून मी कुणाबरोबर गायलेच नव्हते. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून सगळ्यांनी कौतुकानं पाठवलं. पण खोलीतली पूनम माझ्या उलट्या शिफ्टला, बोलायलाही सापडत नाही. मग फोनवर एक व्हिडिओ दिसला. रावेतची मुलं आमच्या चर्चमधलं जुनं मराठी गीत ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती. आईचं आवडतं गीत! सुट्टीच्या रविवारी निघालेच.

तुम्हाला जायचं असेल तर लवकर निघा. कुरुळी फाट्यापर्यंत शेअर रिक्षा, मग भोसरीची बस, पुढे निगडी, पुन्हा रिक्षा. रविवारी ट्रेलर कमी, तरी मोशीला अडकलेच. निगडीत पोहे मात्र झकास, वर मूठभर शेव.

प्रार्थनेचा हॉल दुकानांच्या वरच्या मजल्यावर. खुर्च्या, एसी, सगळे मिसळून बसलेले. आमच्या जालन्याकडच्या गावात सतरंजीवर पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. कडवं पुरुषांचं, ध्रुवपद बायकांनी उचलायचं. तेवढ्यापुरता ढोलकही थांबतो.

गिटार असं गरजलं की छाती थरथरली. पण चाल तीच! डोळे भरून आले. पहिलं कडवं संपलं, वाद्यं एकदम थांबली आणि मी सवयीनं, पूर्ण आवाजात ध्रुवपद उचललं.

एकटीनंच. ती जागा गिटारच्या सोलोसाठी होती. माना वळल्या, मागे कुणी हसलं. गप्प बसता आलं असतं. पण ओळ मध्ये तोडायची नाही, हे लहानपणापासूनचं. पूर्ण केली.

नंतर गिटारवाला चहा घेऊन आला. "जय ख्रिस्त, ताई. माझा सोलो खाल्लात की राव!"

"सॉरी. आमच्याकडे तिथं बायका गातात."

"हो? माझी आजी असंच काहीतरी सांगायची." तेवढ्यात त्याला स्पीकर उचलायला हाक आली.

पुन्हा याल का, असं कुणी विचारेल म्हणून मी चहा सावकाश प्यायले. सगळे आपापल्या घरच्यांबरोबर पार्किंगकडे गेले.

बसमधून आईला फोन केला.

"ध्रुवपद मी उचललं, आई."

"अन् बाकीच्या बाया?"

"कुणीच नाही."

"अर्ध्यात सोडलं नाहीस ना?"

"नाही."

"मंग झालं."

खोलीवर आले तेव्हा पूनम कामावर गेलेली, तिची चादर घडी करून ठेवलेली. पुढच्या रविवारी जाणार का? जाणार. उजवीकडे, खिडकीजवळ बसेन. तुमच्यापैकी कुणी आलात, तर त्या गीतात पहिल्या कडव्यानंतर वाद्यं थांबतात, तिथं माझ्याबरोबर उचला.