तारांची सरसर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हाला सांगतो.

त्या दुपारी देवासच्या घरात, पुढच्या खोलीत, चार जुने साइड ड्रम मांडले होते. इंदूरचा एक रेकॉर्डिंगवाला आला होता. मी एकेकावर काठी मारत होतो. माझी बायको कुसुम दारात उभी होती. मग ती चहा घेऊन आली आणि माझा कप तिसऱ्या ड्रमशेजारी ठेवून गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मी चहा प्यालो, तिसऱ्यावर हात ठेवला. "ये ले जा, भिया." तो खूश. उद्या गाडी आणतो म्हणाला. चार वाजता कुसुम जरा आडवी झाली — ती उठलीच नाही.

मी सातवी नापास. धारला बँडात ड्रम वाजवायचो. पुढे बँडवाल्यांनी नवे ड्रम घेतले अन् जुने पितळी अडगळीत टाकले, ते मी गोळा करू लागलो. सरदारपूर, राजगढ, टोंकखुर्द — मिळेल तिथून. कातडं बदलायचं, पितळ घासायचं, खालच्या कातड्यावर तारा ताणायच्या. हे सगळं मला येतं. पण रेकॉर्डिंगला कुठला चालेल? समोर बसून गोड वाटतो तोच ड्रम माइकमध्ये पत्र्यासारखा वाजतो. त्याला कान लागतो. लोक म्हणायचे, काकांचा कान म्हणजे कान.

कसला कान? बँडच्या भोंग्याशेजारी उभं राहून माझं बारीक ऐकणं कधीच गेलं. काठी पडली की तारांची सरसर उठते म्हणतात — मला वीस वर्षं नुसतं ढब ऐकू येतंय. सरसर कुसुम ऐकायची. प्रत्येक ड्रम तिने निवडला. एकूण एक. कपाची युक्तीही तिचीच, चारचौघांत माझी फजिती होऊ नये म्हणून.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. माणसं बसलेली असली की मी म्हणायचो, "हिला नका विचारू, हिला ड्रम अन् पिठाचा डबा सारखाच." लोक हसायचे. तीही हसायची आणि आत जायची. एकदाच म्हणाली, "अहो, एखाद्याला तरी सांगा की." मी म्हणालो, बघू. किती वर्षं बघत होतो मी?

आता भिंतीवर चौदा ड्रम आहेत. कुणी मागायला आलं तर नाही म्हणतो, तब्येतीचं कारण सांगतो. मुलगी उज्जैनहून फोन करते, जेवलात का विचारते. तिला मराठी वाचता येत नाही, हिंदी शाळेत शिकली. म्हणून मराठीत लिहितोय का? म्हणूनच.

आणि अजून सांगायचं राहिलंच आहे.

कुसुमला त्याच संध्याकाळी पोचवून आलो. दुसऱ्या सकाळी सतरंजीवर चार माणसं बसली होती, मुलगी भिंतीला टेकून. तेवढ्यात रेकॉर्डिंगवाला गाडी घेऊन आला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. चपला काढून, हात जोडून बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "काका, कल काकी बड़े ध्यान से सुन रही थीं. उनको भी इसकी समझ थी क्या?"

मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "नहीं भिया, उसको क्या समझ."

मग उठलो. तो ड्रम आणला आणि सुतकाच्या घरात, सगळ्यांच्या देखत, डोळे मिटून त्यावर काठी मारली. ढब. दुसरं काही मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली आणि म्हणालो, "बढ़िया."