टाचणीचं इंग्रजी

मावशींना खुर्ची हवी होती. खुर्चीची हाव माणसाकडून काय काय करवून घेते हे वर्तमानपत्रं रोज छापतात. पण मावशींची खुर्ची प्लास्टिकची होती आणि तिचा एक पाय आखूड होता. हॉटेलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खात्यात, दाराजवळच्या टेबलामागे ती असे. टेबलावर टेलिफोन. वरच्या खोल्यांतले पाहुणे कपड्यांबद्दल त्याच फोनवर बोलत, आणि इंग्रजीत बोलत. सव्वीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या मावशींचे गुडघे आता प्रत्येक पायरीला उलट उत्तर देऊ लागले होते.

फोनवरचा कारकून नोकरी सोडून गेला, त्याच दिवशी मावशी साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, ती खुर्ची मला द्या."

"मावशी, तिथं फोन असतो."

"तोही द्या."

"आणि इंग्रजी?"

"ते शिकते."

साहेबांना हसू आलं, पण सव्वीस वर्षं या बाईनं इस्त्री केलेलेच शर्ट ते घालत होते. "महिनाभर थांबतो. एक तारखेला इथं उभा राहून ऐकेन. जमलं तर खुर्ची तुमची. नाहीतर बाहेरून एक मुलगी घ्यायचं ठरलंय."

मावशींची सून शाळेत इंग्रजी शिकवायची. सासूनं सुनेला वळण लावायचं अशी जगाची रीत. त्या महिन्यात मात्र सासूबाई वही घेऊन ओट्याशी बसल्या आणि सुनेच्या हातात पळी असल्यामुळे शिस्त आपोआप राहिली.

शब्द मावशींना बरेच येत होते. रन म्हणजे पळणे, लुक म्हणजे बघणे. घोळ होता तो मागून चिकटणाऱ्या चिमुकल्या शब्दांचा.

"रन आउट," सून म्हणाली.

"पळत बाहेर जाणे."

"नाही आई, संपणे. साबण संपला, तर वी रॅन आउट ऑफ सोप."

"साबण पळाला?"

"संपला! आणि रन इन्टू म्हणजे कुणीतरी अचानक भेटणे."

"पळत न जाता?"

"पळत न जाता."

पेपरमागून मावशींच्या यजमानांनी विचारलं, "आणि रन अवे?"

"ते मात्र पळून जाणंच, बाबा."

"चला, एक तरी प्रामाणिक निघालं."

मावशींनी वही मिटली. मग म्हणाल्या, "म्हणजे हे सुनेसारखंच झालं. मुलगी तीच. कुणाच्या पदरी पडली, त्यावर तिचं काय होणार ते ठरतं."

"माझं बरं झालं म्हणायचं का?"

"पळी तुझ्याच हातात आहे. मी काय बोलणार?"

वहीतलं काही डोक्यात राहीना. शेवटी मावशींनी ते स्वतःच्या रीतीनं करायचं ठरवलं. त्यांची रीत अशी: कपड्यावर डाग असला, बटण सैल असलं, की त्यावर चिठ्ठी टाचायची. ते काम पुरं झाल्याखेरीज टाचणी काढायची नाही. टाचणी निघाली म्हणजे काम झालं. यावर इस्त्रीच्या टेबलाशी कुणी कधी वाद घातला नव्हता. सुनेनं हिरव्या कागदाच्या चाळीस चिठ्ठ्या लिहून दिल्या, पुढे इंग्रजी, मागे अर्थ. मावशी कॉलरला एक चिठ्ठी टाचत, पुटपुटत इस्त्री फिरवत, आणि पाठ झालं की टाचणी काढत. 'होल्ड ऑन', म्हणजे जरा थांबा, एका निळ्या शर्टात झालं. 'लुक इन्टू', म्हणजे चौकशी करणे, याला पांढरा कोट लागला. 'पुट अप विथ'ला डबलबेडची अख्खी चादर खर्ची पडली. अर्थ होता निमूट सोसणे. मावशी सुनेला म्हणाल्या, "अगं, हे मला लग्नापासून येतंय. फक्त इंग्रजीत आहे हे माहीत नव्हतं."

एक तारीख उजाडली तेव्हा एकोणचाळीस चिठ्ठ्या सुटल्या होत्या. चाळिसावी एका पिवळ्या रेशमी फ्रॉकला टाचलेली होती. 'थ्रो आउट', टाकून देणे. मावशी ते तिसऱ्यांदा घोकत होत्या आणि साहेब आत आले. मावशींनी फ्रॉक हँगरवर अडकवला, केस सारखे केले आणि खुर्चीत जाऊन बसल्या. खुर्ची डुगडुगली. मागे ट्रॉलीवालीनं इस्त्री झालेला फ्रॉक बघितला, त्यावर प्लास्टिक चढवलं आणि तो चौथ्या मजल्यावर पोचवला. तिची काही चूक नव्हती. टाचणीची भाषा टाचणारीला ठाऊक.

पाव तास फोन वाजला नाही. साहेब भिंतीवरची आगीची सूचना वाचत राहिले. मग फोन वाजला.

पाहुण्या बाईंचा आवाज टेबलापलीकडे साहेबांपर्यंत पोचत होता. आपल्या फ्रॉकवर कागद लावलेला आहे. त्यावर लिहिलंय टाकून द्या. हे हॉटेलचं मत आहे की धुणाऱ्यांचं?

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याच्या पाठोपाठ इंग्रजीही. हात सवयीनं खांद्याकडे गेला, तिथं नेहमी दोन-चार टाचण्या खोचलेल्या असत. त्यातली एक चिमटीत आली. निळा शर्ट डोळ्यांपुढे आला.

"होल्ड ऑन, मॅडम."

बाई थांबल्या. मग पांढरा कोट आला.

"आय विल लुक इन्टू इट." एवढं म्हणून मावशींच्या लक्षात आलं, की चौकशी करण्यासारखं काही उरलेलंच नाही. "नो मॅडम. आय नो. माय पेपर. माय लेसन. आय पिन ऑन, आय आयर्न, आय लर्न, देन आय टेक ऑफ. टुडे आय मिक्स्ड अप. युवर फ्रॉक व्हेरी गुड. प्लीज डोन्ट थ्रो आउट."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग फोनमधून हसणं आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. बाईंनी विचारलं, असे आणखी किती येतात? मावशींनी शर्टामागून शर्ट, चादरीमागून चादर आठवत ओळीनं सांगायला सुरुवात केली. एकोणिसाव्याला बाई म्हणाल्या, पुरे.

फोन ठेवल्यावर साहेबांनी विचारलं, "तक्रार होती?"

"होती. आता नाही."

साहेब जरा घुटमळले. "खरं सांगू मावशी? तुमचं इंग्रजी मोडकंतोडकं आहे. पण याआधी या फोनवर कुणी पाहुणा हसलेला मी ऐकला नाही. बसा. मात्र यापुढे कपड्यांना धडे टाचायचे नाहीत."

"घरच्या कपड्यांना चालतील?"

"ते तुमच्या सुनेला विचारा."

संध्याकाळी ट्रॉलीवालीनं हिरवी चिठ्ठी खाली आणून दिली, टाचणीसकट. मागच्या बाजूला बाईंनी सुवाच्य अक्षरात, इंग्रजीत लिहिलं होतं, की फ्रॉक सुरेख झाला आहे. मावशींनी ते दोनदा वाचलं, कुणालाही न विचारता. पुढची बाजू वाचायची गरज नव्हती. ती त्यांना जन्मात विसरता येणार नव्हती. त्यांनी टाचणी काढली आणि खांद्यावर खोचली.

चिठ्ठी त्या टाकून देणार होत्या. मग चार घड्या घालून त्यांनी ती खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली आणि बसून बघितलं. खुर्ची हलली नाही.