दोन माणसांची शेगडी

लग्नाला आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत मी नवऱ्याशी सलग दहा मिनिटं एकांतात बोलले नव्हते. मांडवीतलं आमचं घर तीन खोल्यांचं आणि माणसं आठ. सासू, सासरे, सासऱ्यांची विधवा बहीण म्हणजे आमच्या आत्याबाई, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही दोघं. बोलायचं म्हटलं तर विहिरीवर. तो पोहरा ओढणार, मी कळशी धरणार, आणि वाक्य अर्ध्यावर आलं की आत्याबाई तोंड धुवायला हजर. त्या बाईंना दिवसातून किती वेळा तोंड धुवायला लागायचं ते देवालाच ठाऊक.

नवरा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. ऐंशीनंतरचे दिवस होते ते. वर्कशॉपच्या मालकाने कुठून तरी एक ठोकलेली मॅटॅडोर गाडी आणली आणि तिचं फिरतं घर करायचं डोक्यात घेतलं. दोन बाक, बाकांखाली कपाटं, पाण्याची टाकी, उघडमीट करायचं टेबल, खिडक्यांना पडदे. सगळं माझ्या नवऱ्याने केलं. मालक म्हणाला, "एक शेगडी बघ चांगलीशी, बसव, आणि चार दिवस घाट चढवून आण गाडी. कुठे काय खुळखुळतंय ते कळेल. वहिनींना घेऊन जा."

वहिनी म्हणजे मी. त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि कोणी काही बोललं तरी हसत राहिले.

नवऱ्याने मंडणगडची वाट मुद्दाम धरली होती. आमच्या जिल्ह्यात कुठेही जा, एखादा पाहुणा निघतोच, आणि त्याच्या दारावरून गाडी तशीच पुढे नेली तर जन्माचा रुसवा. मंडणगडात मात्र आमचं कोणी नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

"मंडणगड?" सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले. "अरे, आमच्या खोलीत दोघे मंडणगडचे होते. सख्ख्या भावासारखे. मी येतो."

सासऱ्यांनी तीस वर्षं मुंबईच्या गोदीत काढली होती. एका खोलीत गावाकडचे आठ जण, आणि त्यांचं जेवण एका पंपाच्या स्टोवर सासरे करत. रिटायर होऊन घरी आल्यापासून त्यांनी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं, पण स्टो या विषयावर त्यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. ते निघाले म्हटल्यावर दीर निघाले, नणंद निघाली, आत्याबाईंनी तर पिशवीच भरली.

नवऱ्याने घाबरत घाबरत सांगितलं, "दादा, गाडीत एवढी माणसं..."

"माणसांचं मागाहून बघू. आधी शेगडी ठरव," सासरे म्हणाले. "शेगडीवर जेवढ्यांचं जेवण होईल तेवढी माणसं न्यायची. कोणाला उपाशी ठेवायचं नाही."

झालं! माझा सगळा संसार शेगडीवर येऊन ठेपला.

शेगड्या तीन होत्या. एक सासऱ्यांचा पितळी पंपाचा स्टो. दुसरी, मालकाने मुंबईहून आणवलेलं लहानगं गॅस सिलिंडर, त्याच्या डोक्यावरच एक बर्नर. गॅससाठी नाव घालून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस, त्यामुळे तो ठेंगू गॅस बघायलाच गल्ली लोटली. आणि तिसरी कुवेतची. शेजारचे चाचा बोटीवरची नोकरी सोडून तिकडे गेले होते, ते सुट्टीवर येताना गॅसवरची शेगडी घेऊन आले होते. पाय दुमडायचे, झाकण बंद केलं की पेटी. आत दोन बर्नर आणि शेजारी मासे भाजायला ही भली मोठी जाळी. चाचा मोठ्या मनाचे. म्हणाले, "न्या की. तुमचं घर काय नि माझं काय!" मी त्यांना मनातल्या मनात काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

परीक्षा मांडवीच्या वाळूत झाली. संध्याकाळचा वारा सुटलेला. सासऱ्यांनी पंप मारला, स्टो धडधडून पेटला, पण दिराने तो जरा हलवून बघितला तर रॉकेल भसकन बाहेर आलं. "घाटात गाडी पेटेल," सासऱ्यांनी जड मनाने स्वतःचाच उमेदवार बाद केला. माझा ठेंगू चार वेळा पेटवला, चार वेळा विझला. कुवेतच्या शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्रा होता. तिच्यावर बारा बांगडे एका वेळी असे काही खमंग भाजले गेले, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे असेल असं लोकांना वाटलं.

"पण गाडीत मावेल का?" मी शेवटची आशा धरून विचारलं.

नवऱ्याने टेप लावली. "चार बोटं कमी पडतायत."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण बाक कापून बसवतो मी," तो उत्साहाने म्हणाला. "त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी दात-ओठ खाऊन त्याला म्हणाले, "ती मोठी शेगडी मला नको आहे. का नको ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय ना," तो मायेने म्हणाला. "जाळी घासायचा कंटाळा. मी घासेन."

पुढचं मी बोलणार तोच आत्याबाई आल्या.

सासूबाई या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या एकूणच कमी बोलायच्या. शनिवारी ताटं वाढता वाढता त्या म्हणाल्या, "वाळूत काय बघायचं? शिजवायचं गाडीत हाय ना? उद्या गाडीतच करू. मी करते."

रविवारी मॅटॅडोर आमच्या दारात उभी राहिली. नवऱ्याने अजून बाक कापला नव्हता, म्हणून कुवेतची शेगडी मधल्या जागेत ठेवली. आम्ही सगळे बाकांवर कोंबून बसलो. सासूबाईंनी सगळ्या खिडक्या लावल्या, दार ओढलं.

"अगो, खिडकी उघड," सासरे म्हणाले.

"नको. वाऱ्यानं जाळ विझंल," म्हणत त्यांनी मसाला लावलेले बांगडे जाळीवर ओळीने मांडले. चांगले तेलकट, मोठाले बांगडे निवडून आणले होते.

त्यानंतर काय झालं ते नीट दिसलंच नाही. पहिले दीर बाहेर पडले, मग नणंद, मग सासरे खोकत खोकत. आत्याबाईंना तर उचलून काढावं लागलं. पडद्यांना, गाद्यांना असा वास लागला की गल्लीतली चार मांजरं गाडीखाली येऊन बसली. मालक काय म्हणेल या काळजीने नवऱ्याचा चेहरा उतरला. सासूबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या, हातात बांगड्यांचं ताट. त्यांना खोकला आला नव्हता. चुलीपाशी आयुष्य गेलेलं, त्यांना धुराचं काय?

धूर गेल्यावर त्यांनी गाडीतच ठेंगू पेटवला आणि दोन कप चहा केला. एक सासऱ्यांना दिला, एक स्वतः घेतला. बाकीचे सहा जण बघत राहिलो.

"ही बरी," त्या म्हणाल्या.

"हिच्यावर दोघांचंच होईल," सासरे खेकसले.

"मग दोघंच जातील. तुमीच म्हनालात ना, जेवढ्यांचं होईल तेवढी मानसं?"

सासरे चहा संपवून घरात गेले. आत्याबाईंची पिशवी त्याच दुपारी रिकामी झाली.

गाद्यांना आठ दिवस ऊन दाखवून आम्ही निघालो. मंडणगडच्या अलीकडे एका माळावर, चिटपाखरू नाही अशा जागी गाडी लावली आणि मी भात ठेवला. नवरा दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघत होता. भात कच्चा राहिला. तो म्हणाला, पाणी कमी. मी म्हणाले, झाकण कोणी उघडलं? तिथून सुरू झालं. जाळी, टेप, चार बोटं, विहीर, आठ महिन्यांचं साठलेलं सगळं मी काढलं. त्यानेही काढलं. त्याच्याकडे एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं. माझा आवाज एवढा मोठा आहे हेही मला तिथेच कळलं. ऐकायला कोणी नव्हतं, कोणी मध्ये पडून समजूत घालणार नव्हतं. घसा बसेपर्यंत भांडलो आणि मग तो कच्चा भात लोणच्याशी खाल्ला. मी इतकी सुखात होते की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी परत भांडलो.

परत आले त्या दुपारी सासूबाई पडवीत शेंगा निवडत होत्या. शेजारी बसले तर मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय गो, भांडलात की नाय?"

मी चपापले. "भांडलो. दोन दिवस."

"बरं झालं." सुपली हलवून त्यांनी शेंगा पसरल्या. मग म्हणाल्या, "माजं तेवढं ऱ्हायलंच. हे मुंबयला. गनपतीला आठ दिस यायचे. आठ दिसांच्या पावन्याशी कोन भांडंल?"

 मी त्यांच्या हातातली सुपली ओढून घेतली.

तेवढ्यात आतून सासऱ्यांची नेहमीची हाक आली, "चाय टाका जरा."

सासूबाईंनी उठण्यासाठी गुडघ्यावर हात टेकला आणि तशाच परत खाली बसल्या. "मुंबयला करत होतात ना?" त्या ओरडल्या. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "मग टाका की तुमीच!"

 आतून सासरे दबक्या आवाजात म्हणाले, "का? काय झालं?"

"थांबा, सांगते," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून आत गेल्या.