तिसऱ्या पायरीवरचे काका

“बठा सर. पहिले प्रेशर उतरू द्या.”

सुरतेतल्या आमच्या कोसाडच्या इमारतीचा जिना चढताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आजही माझा पाय तिथे आपोआप थबकतो. तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून, मांडीवर डबा घेऊन काका बसलेले असायचे. काका म्हणजे पांडेसऱ्याच्या आमच्याच डाईंग मिलमधले जेट ऑपरेटर, मूळचे खानदेशातले. त्यांचं दार तिथून चार पावलांवर. पण कामावरून आल्यावर पंधरा मिनिटं जिन्यात बसल्याशिवाय ते घरात पाऊल ठेवत नसत. तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, आणि तुम्हीही माझ्यासारखंच त्याला विक्षिप्त ठरवून मोकळे झाला असाल.

मी त्याच मिलमध्ये कामगार कल्याण अधिकारी. मिलने मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी मी कुटुंबसुखाचा तज्ज्ञ होऊन परतलो. कामगारांना सहकुटुंब हॉलमध्ये बोलावून घरातला ताण कसा घालवावा यावर व्याख्यान ठोकलं. शेवटी एक प्रयोग ठेवला. प्रत्येकाने आपल्या माणसाबद्दल मनात साचलेलं गाऱ्हाणं इथेच, आत्ताच सांगायचं आणि समोरच्याने ते हसतमुखाने ऐकायचं.

गाऱ्हाणी लोकांनी अगदी मनापासून सांगितली. हसतमुख मात्र मी एकटाच होतो, तोही पहिली पाच मिनिटं. एक जोडपं मोटारसायकलवरून आलं होतं, ते दोन वेगवेगळ्या रिक्षांनी गेलं. मोटारसायकल दोन दिवस हॉलबाहेरच उभी होती.

सगळे गेल्यावर मागच्या रांगेतून काका उठले. “सर, जेट कितीवर उघडतस, माहीत शे का?”

मला माहीत नव्हतं. जेट म्हणजे कापड रंगवायचं बंद यंत्र, आत उकळतं पाणी आणि कोंडलेली वाफ. काकांनी समजावून सांगितलं, की रंग चढला तरी लगेच झाकणाला हात लावायचा नसतो. आधी थंड करायचं, प्रेशर उतरू द्यायचं, मग उघडायचं. आज मी एका वेळी तीस झाकणं गरमच उघडली होती, एवढं सांगून ते निघून गेले. हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला आणि वर काकांनाच हसलो.

माझ्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते आता सांगायला हरकत नाही. अख्खं सुरत ओलांडून मी दाराशी पोचायचो आणि चप्पल काढायच्या आत तोंड सुटायचं. पंखा का चालू, अभ्यास का बंद. मुलगी दहावीत होती. आईशी मराठीत भरभरून बोलायची, मैत्रिणींशी गुजरातीत, आणि माझ्याशी फक्त ‘हो’ आणि ‘नाही’. हा वयाचा परिणाम, असं मी तिच्या आईला समजावलं होतं.

एका संध्याकाळी मॅनेजरशी भांडून मी ताडताड जिना चढत होतो. काकांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मी म्हणालो, “काका, मला घाई आहे.”

त्यांनी बोट वर केलं. वरून आमच्या घरातलं हसणं ऐकू येत होतं, माझ्या बायकोचं आणि मुलीचं.

“मी रोज आठे बठस, रोज ऐकस,” काका म्हणाले. “तुमना पायना आवाज उना की ते बंद व्हस.”

तज्ज्ञाला हे कसं सहन व्हावं? मी तसाच वर गेलो. अर्ध्या जिन्यात हसणं थांबलं. मग टीव्ही बंद झाला. मग मुलीच्या खोलीची कडी लागली. बेलपर्यंत गेलेला हात मी मागे घेतला आणि खाली येऊन काकांच्या शेजारी बसलो.

ते डबा सरकवून थोडे बाजूला झाले. बाही वर करून त्यांनी भाजल्याचा जुना चट्टा दाखवला. “हाऊ दोन महिनामा बरा व्हयना.” मग आपल्या दाराकडे पाहिलं. बारावीत नापास झालेल्या मुलावर त्यांनी मिलमधून आल्या आल्या हात उचलला होता. मुलगा नाशिकला निघून गेला. “पोऱ्या आजून बोलत नही.” त्याचा फोन आईला येई, आणि काका शेजारी बसून नुसता आवाज ऐकत.

त्या दिवसापासून आम्ही दोघं रोज बसू लागलो. दोघांनाही घरातून काढलंय, अशी इमारतीत चर्चा होती. माझ्या बाबतीत ती फार चुकीची नव्हती. पंधरा मिनिटांनी मी उठायला लागलो की काका माझ्या तोंडाकडे पाहून म्हणत, “आजून पाच मिनिट.”

गेल्या दिवाळीत काकांच्या गुडघ्यांनी साथ सोडली, आणि काका-काकू गावी गेले. सामान न्यायला मुलगा येईल म्हणून काका दुपारपर्यंत पायरीवर बसून होते. मग टेम्पोवाल्याने घाई केली.

आता मी एकटाच बसतो. परवा असाच बसलो होतो आणि वर हसणं चालू होतं. माझी पावलं त्यांना ऐकू गेली असणार, तरी ते थांबलं नाही. थोड्या वेळाने मुलगी खाली आली. “पप्पा, क्यारना बेठा छो?” कधीपासून बसलाय, हे तिने मैत्रिणींशी बोलायच्या गुजरातीत विचारलं.

“आलोच,” मी म्हणालो.

ती गेली नाही. काका डबा ठेवायचे तिथे बसली आणि वर कशावर हसत होत्या ते सांगू लागली. मी व्याख्यान देतो त्याची ती नक्कल करत होती. मलाही करून दाखवली. हुबेहूब होती. हसता हसता माझे डोळे भरून आले.

हे काकांना फोन करून सांगावं असं फार वाटलं. नंबर काढला, पण लावला नाही. इतकी वर्षं ते त्या पायरीवर बसले, आणि त्यांचा मुलगा काही आला नाही.