बोटीवरून दिसणारा धूर

मुंबई-गोवा क्रूझ करून आल्यापासून जामसंड्याच्या आमच्या शाळेत मला एकाएकी भाव आला आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडला की कोणीतरी खुर्ची ओढून जवळ बसतं आणि विचारतं, "मॅडम, आम्हीही जायचं म्हणतोय. काय काय बघून घ्यायचं?"

मी मनापासून सांगते. जेवण तिकिटात धरलेलं असतं, त्यामुळे घरून काही बांधून नेऊ नका, तपासणीच्या दारातच काढून ठेवतात. आमचे खोबऱ्याचे लाडू तिथेच राहिले. बोटीवर चढताना एक कार्ड मिळतं. तेच खोलीची चावी आणि तेच पाकीट. साधं पाणी, जेवण, नाश्ता यांना काही पडत नाही, पण बाटलीतलं सरबत, आइस्क्रीम, खास टेबलावरचं जेवण, इंटरनेट हे सगळं त्या कार्डावर चढत जातं. हातातून नोट जात नाही, म्हणून खर्च झालाय असं वाटतच नाही. रोज सकाळी खाली काउंटरवर जाऊन किती चढलं ते विचारायचं.

हे मला आईमुळे कळलं. पहिल्याच संध्याकाळी डेकवर तिची नाशिककडच्या चार बायकांशी ओळख झाली आणि तिने सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. मी पोचले तेव्हा ती कार्ड हातात नाचवत म्हणाली, "ह्या दाखवलां की झाला, पैसे मागणत नाय! खावा गो, खावा."

"आई, ते सगळं आपल्या नावावर जातंय."

तिने हातातल्या कपाकडे पाहिलं. मग त्या बायकांकडे पाहून हसली आणि मला हळूच म्हणाली, "आता खाल्ल्यानी त्या. तोंडातसून काडूचा काय?"

शिक्षकखोलीत हा किस्सा चांगला रंगतो. पण त्यानंतर मी एक सल्ला देते, तो कोणी फारसा मनावर घेत नाही. खोली बोटीच्या कोणत्या बाजूची आहे ते आधी विचारून घ्या. का, ते मी त्यांना पूर्ण सांगत नाही. इथे सांगते.

माझे वडील बोटीवर होते. आमच्याकडे असं म्हटलं की लोकांना मासेमारीची बोट वाटते. ते मालवाहू बोटीच्या स्वयंपाकघरात होते. मुंबईहून निघून किनाऱ्या-किनाऱ्याने कोचीपर्यंत जायचं आणि परत यायचं. घरी यायचे ते पावसाळ्यात आणि गणपतीला. मी कॉलेजात गेले, बी.एड. केलं, आमच्या घरातली पहिली पदवी माझी, ती त्या स्वयंपाकघरातल्या घामावर झाली. माझ्या निकालाच्या दिवशी ते बोटीवर होते. गावातल्या दुकानात फोन आला तेव्हा मी धावत गेले, आणि पलीकडून ते इतकंच म्हणाले, "पास झालंस मा? बरां. आता खूप शिक."

आमचं गाव मालवण आणि देवगडच्या मधलं. घर आत आहे, पण आमचा वरचा कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, डोंगराच्या पश्चिम उतारावर आहे आणि तिथून समुद्र उघडा दिसतो. भाताचा तरवा, लावणीची रोपं, आम्ही तिथेच काढतो. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी भाजावळ होते ती तिथेच. शेण, कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा जमिनीवर पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचं. ज्वाळा फार उठत नाहीत. धूर मात्र जाड, पांढरा, तासन्‌तास उठत राहतो.

वडील मुंबईहून निघण्याआधी दुकानात फोन करायचे आणि बोट अमक्या दिवशी आपल्या समोरून जाईल, असा अंदाज सांगायचे. आई भाजावळ त्या दिवसावर ठेवायची. वाडीतल्या सगळ्यांची उरकली तरी आमची कवळं तशीच रचून पडलेली. बायका चिडवायच्या, "काय गो, घोवाक धूर धाडतलंस?" आई म्हणायची, "धाडतलंय. तुमचे घो घरात आसत, तुमका काय धाडूचा?"

एका वर्षी वारा पडेपर्यंत ती थांबली नाही. आग गवतातून शेजारच्यांच्या काजींच्या बागेत गेली. विझवायला सगळी वाडी धावली. त्यावरून आजीने आईला दोन महिने ऐकवलं आणि शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. पण वडील घरी आले, पडवीत बसले, चहाचा कप हातात घेतला आणि पहिलं वाक्य हेच बोलले, "दिसलो हां तुझो धूर. बरो जाड दिसलो."

दरवर्षी हेच. आणि दरवर्षी आईचा चेहरा तेव्हा जसा व्हायचा, तसा एरवी मी कधी पाहिला नाही.

वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात आईचे गुडघे जास्त धरले आणि तरवा, भाजावळ काकीकडे गेली. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. शेजारीच राहते, आईला वयनी म्हणते. एके दिवशी काजू फोडता फोडता आई मला म्हणाली, "माका एकदा बोटीतसून जावचा आसा. आपल्या हयसून."

"कशाला गं?"

तिने हातातला काजू नीट सोलला, तेव्हाच बोलली. "तो खराच बघी काय माका बरा वाटाचा म्हणान सांगी, ता बघूचा आसा. थयसून धूर दिसता काय तरी?"

मी तिला नको म्हटलं नाही. म्हणणारच नव्हते. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याविषयी ती एकच गोष्ट मागत होती. परीक्षा संपल्यावरच्या तारखा काढल्या. कणकवलीच्या एजंटने समुद्र दिसणारी खोली घ्या, थोडे जास्त पडतील पण मजा येईल, असं सांगितलं. मी आनंदाने जास्तीचे भरले. आणि निघण्याआधी आईने गुडघे धरत धरत कवळं स्वतः रचली आणि काकीला बजावलं, परतीच्या दिवशी संध्याकाळी वरच्या कुणग्यात आग घाल.

काकी म्हणाली, "सांजचो वारो आसता गो वयनी."

"माका म्हायत आसा. तरी घाल."

बोट मुंबईहून निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पडदा सरकवला आणि बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली. मग वळून मला म्हणाली, "ह्या बघूक जास्ती पैशे भरलंस? ह्यो समुद्र आमच्या दारात आसा. जमीन खंय?"

जमीन दुसऱ्या बाजूला होती. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि आमची खिडकी उजवीकडची. किनाऱ्यावर जन्म काढलेल्या दोन बायकांनी जास्तीचे पैसे मोजून किनारा न दिसणारी खोली घेतली होती. बाकी सगळे प्रवासी समुद्र बघायला आलेले, आम्ही एकट्याच जमीन बघायला.

आम्ही वर डेकवर गेलो. आईला जिने चढायला वेळ लागला. वरती सूर्य थेट जमिनीच्या मागे होता आणि सगळीकडे दुधासारखं धुकट. कुठेतरी डोंगराची रेघ असावी असं वाटे, मग नाहीशी होई. मी एका खलाशाला विचारलं, मालवण कुठे आलं? त्याने अदबीने हात सगळ्या बाजूला फिरवला. आई कठड्याला धरून उभी राहिली. नाशिकच्या एका बाईने तिला हाक मारली, "अहो मावशी, नाश्त्याला चला ना, गर्दी होईल."

"तुमी जावा," आई म्हणाली. "माजो गाव जाता हयसून."

दिसलं काहीच नाही. ती खाली आली आणि दोन घास उपमा खाऊन उठली.

गोव्याला मुरगाव बंदरात उतरलो. बंदरातल्या जेवणाविषयी मी शाळेत सांगते ते हे: दाराशीच जी हॉटेलं असतात, जिथे माणूस हात धरून आत बोलावतो, तिथे बसू नका. रिक्षावाला स्वतः कुठे जेवतो ते विचारा. आणि बोट सुटायच्या बऱ्याच आधी परत या, ती कुणासाठी थांबत नाही. आमच्या रिक्षावाल्याने एका अरुंद गल्लीत नेलं. चार टेबलं, भिंतीला टेकवलेले माठ, गल्ल्यावर एक जाड म्हातारी. शीत-कडी, तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं आलं.

आईने कडीत बोट बुडवून चाखलं. "आंबट खयचा घातलंस? सोला नाय ती."

म्हातारीने मान उचलली. "खंयच्यो गो तुमी?"

"मालवणच्या वर."

"म्हणून तोंड चलता," म्हातारी हसली. "आमच्या कडयेक नांव दवरपाक मालवणच्यांनीच येवपाक जाय."

दोघींचं मग जुळलं. आईने बांगड्याचा काटा बाजूला काढत विचारलं, "हयसर बोटीवरची माणसां जेवूक येत?"

"येतात मगे. आदीं खूब येताले. बोट लागली की पयलीं जेवण सोदताले. सगळ्यांक घरची कडी जाय."

  आईने पानातली कडी भातासकट निपटून खाल्ली आणि उठताना आजूबाजूच्या तिन्ही टेबलांकडे सावकाश पाहिलं. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय आणि ते कुठे बसलं होतं ते शोधावं, तसं.

परतीला बोट दुपारी सुटली. आई आडवी झाली, माझाही डोळा लागला. जाग आली ती तिच्या हाकेने.

"गो! उठ! डोंगर इलो!"

परत येताना किनारा उजवीकडे येणार, हे माझ्या पदवीच्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या त्या फुकट गेलेल्या खिडकीत आख्खा किनारा भरला होता. सूर्य आता आमच्या पाठीमागे, आणि त्याचं तिरकं ऊन सरळ डोंगरांवर. लांब होतं खूप. घरं दिसत नव्हती, माड म्हणजे नुसता काळा दोरा. पण डोंगर तांबूस, आणि त्यांच्यावर धूर.

एक नव्हे. मी मोजले नाहीत, मोजता आलेच नसते. उतारा-उतारावर, एकामागे एक, पांढऱ्या वाती उठलेल्या आणि वर जाऊन एका बाजूला वाकलेल्या. भाजावळीचेच दिवस ते. आरोंद्यापासून देवगडपर्यंत ज्याची राहिली होती त्याने त्या दिवशी आग घातली असावी.

आई दोन्ही तळवे काचेवर टेकवून बसली होती. "दिसता," ती म्हणाली. "दिसता गो! खोटा नाय सांगलेलान."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि मग तिचा आवाज बदलला.

"पण ह्यातलो आमचो खयचो?"

मी बाहेर बोट केलं. एका डोंगराची पाठ मला ओळखीची वाटली होती. तिने डोकं हलवलं आणि त्याच्या डावीकडचा एक दाखवला, इतरांपेक्षा जाड, सरळ उठलेला. "तो. तोच. ती कवळां मीच रचून इलंय." बोट पुढे सरकत होती, तशी ती खिडकीच्या कडेकडे सरकत गेली. शेवटी गाल काचेला लागला, तरी ती तिथून हलली नाही. अंधुक झाल्यावर म्हणाली, "तो वर उभो रवान बघी आसतलो. स्वयंपाक टाकून. तेका कोण बोलले नसतीत?"

 मी दिवा लावला नाही.

सकाळी मुंबई जवळ आली तसं फोनला नेटवर्क आलं आणि पहिलाच फोन काकीचा. आईला कानाला धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकर लावला.

"वयनी, रागाव नको हां," काकी एका दमात बोलत होती. "काल सांजचा काय जमूक नाय. वारो असो सुटलो, परत काजींत गेला तर? म्हणान मी सकाळीच घातलंय आग. दुपारपर्यंत सगळा इजला. तुका काय दिसला आसताला? माका रातभर झोप नाय गो. तू इतक्या आशेन गेलंस."

काल सकाळी आम्ही डेकवर दुधाळ धुकटात उभ्या होतो. संध्याकाळी आमच्या कुणग्यात धूर नव्हताच.

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर, समोर येणाऱ्या मुंबईच्या इमारतींकडे बघत होती.  फोनमधून काकीचा श्वास ऐकू येत होता.

"वयनी? आसस मा?"

"आसंय," आई म्हणाली. मग मोठ्याने, फोनच्या अगदी जवळ जाऊन बोलली, "दिसलो गो तुझो धूर. बरो जाड दिसलो."