बिनसाखरेचा हलवा

"मी एकदा नाही, दोनदा विचारलं होतं, आई."

"विचारलं होतंस. नाही कुठे म्हणतेय मी?"

"आणि दोन्ही वेळा तू काय सांगितलंस?"

"हळू बोल. आत सुखदेवराव पडलेत."

"ते का पडलेत, तेच तर विचारतोय."

कुसुम लवाटे सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, परक्या घरी बसावं तशा. हडपसरचा हा फ्लॅट त्यांच्या मुलाचा, केदारचा. नात तनया हिचं पाचवं, म्हणजे शेवटचं बोरन्हाण तासाभरापूर्वीच आटपलं होतं. पाहुणे गेले होते. जमिनीवरच्या चादरीवर बोरं, उसाचे करवे, मटार आणि चुरमुरे तसेच पसरलेले. काळ्या फ्रॉकवर हलव्याचे दागिने घालून तनया त्यातले मटारचे दाणे वेचत होती. केदारच्या दंडावर रुपयाच्या नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला होता. रक्तातली साखर तो दर काही मिनिटांनी मोबाइलवर पाठवतो. मघाशी मोबाइल टुणटुण वाजायला लागला तेव्हा केदारला वाटलं, मशीन बिघडलं. आकडा एकशे साठ, मग एकशे नव्वद, मग दोनशे सतरा. सकाळपासून त्याने बाहेरचं काही खाल्लं नव्हतं. खाल्ला होता तो फक्त आईच्या हातचा हलवा. बिनसाखरेचा.

आतल्या खोलीत त्याचे सासरे सुखदेवराव आडवे झाले होते. माणूस अमरावतीचा, बारा वर्षं मधुमेहाचा. त्यांचं बोट टोचून पाहिलं तर तीनशेच्या वर. केदारची बायको श्रद्धा फोनवर डॉक्टरांशी बोलत होती.

शनिवार पेठेत कुसुमताईंना आडनावाने कोणी ओळखत नाही. हलवेवाल्या लवाटेबाई, नाहीतर नुसत्या हलवेवाल्या. चाळीस वर्षं हेच काम. थंडी पडली की पहाटे पंखा बंद, खिडक्या बंद, शेगडीवर राखेखाली धुमसते निखारे, वर पितळी परात. परातीत तीळ, नाहीतर साबुदाणा. त्यावर साखरेचा पाक अर्धा चमचा सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. सुकला की परत अर्धा चमचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याला काटा फुटायला लागतो. त्या काट्यासाठी लोक त्यांच्याकडे यायचे. नवी सून, पहिली संक्रांत, तान्ह्या बाळाचं बोरन्हाण. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं होतं, मशीनवर का करत नाही? कुसुमताई म्हणाल्या होत्या, मशीनला बोटं फुटली की करीन.

त्यांचे यजमान श्यामसुंदर जिल्हा परिषदेत कारकून होते. पन्नाशीला त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं, गोड बंद, चहासुद्धा बिनसाखरेचा. पहिल्या दिवशी श्यामसुंदररावांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी कपाला हातही लावला नाही. चहा नाही म्हणून पेपर नाही, पेपर नाही म्हणून बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी ते न जेवता ऑफिसला गेले. चौथ्या दिवशी कुसुमताईंनी अर्धा चमचा साखर घातली आणि नीट ढवळली. श्यामसुंदररावांनी घोट घेतला, थोडा वेळ विचार केला, आणि म्हणाले, "अगं, झाली की सवय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. कुसुमताईंनी ठरवलंही होतं, संध्याकाळी सांगू. पण संध्याकाळपर्यंत सवय झाल्याची बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती. पुढे मुंजीत, लग्नात, बँकेच्या रांगेत श्यामसुंदरराव ऐकवत राहिले, की सगळा मनाचा खेळ आहे, चौथ्याच दिवशी माझ्या जिभेला सवय झाली, साखर सोडणं म्हणजे काही विशेष नाही. आपल्या निग्रहाचा त्यांना एवढा अभिमान, की तो मोडायचा कसा हे कुसुमताईंना कळेना. रिपोर्ट वाईट आला की ते भात कमी करत. पुढचा आणखी वाईट आला, तेव्हा आंबा सोडला. डॉक्टर गोळी वाढवायचे. कुसुमताई रोज म्हणायच्या, उद्यापासून पाव चमचा, आणि एखादा दिवस खरंच पाव चमचा घालायच्या. तेवढ्यानेही यजमानांचा कप अर्धा राहायचा. अकरा वर्षं असंच चाललं. शेवटी मूत्रपिंडं गेली, मग ते गेले. अर्ध्या चमच्याने कोणी जात नाही, असं कदाचित डॉक्टर म्हणालेही असते. कुसुमताईंनी कधी विचारलं नाही.

दीड वर्षापूर्वी केदारचाही रिपोर्ट आला. वय एकोणचाळीस. अजून मधुमेह नव्हता, पण उंबरठ्यावर होता. बाबांचे शेवटचे महिने त्याने दवाखान्यात बसून काढलेले. त्याने घरातली साखर बंद केली. पुड्यामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय बिस्किटसुद्धा आणेना. सॉसमध्ये साखर, ब्रेडमध्ये साखर, तो आईला फोन करून सांगायचा आणि कुसुमताई हं हं म्हणायच्या. पाडव्याचं श्रीखंड त्याने खाल्लं नाही. दिवाळीचा डबा हात जोडून परत केला. रागावून नाही, हसूनच. ते हसणंच त्यांना लागलं. मुलगा येतो, काकडी खातो आणि जातो, असं त्या शेजारणीला सांगायच्या.

बोरन्हाण ठरलं तेव्हा केदारनेच तोडगा काढला. ऑनलाइन कसलीशी पूड मागवली, साखरेसारखीच दिसणारी, पण साखर नसलेली. दोन पाकिटं आईकडे पोचवून म्हणाला, याचा कर. तुला जमेल. तुला नाही तर कुणाला जमणार?

कुसुमताईंनी तीन आठवडे घालवले. त्या पुडीचा पाक तार धरेना. तीळ एकमेकांना चिकटून लाडू होत, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून परातीत पडे. काट्याचं नाव नाही. बोरन्हाणाला पाच दिवस उरले, तेव्हा त्यांनी डब्यातली साखर काढली. चाळीस वर्षांत ज्या बाईचा घाणा फसला नव्हता, तिला मुलाला "नाही जमलं" एवढं म्हणता येईना. मनाशी म्हणाल्या, दागिने घालायचे असतात, खातंय कोण? चार दाणे पोरीच्या डोक्यावरून पडतील, तेवढंच. केदारचा फोन आला, पुडीचाच ना? त्या म्हणाल्या, तुझ्याच पुडीचा. आज दारात त्याने पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

मग त्याने बरणी उघडली. एक दाणा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. म्हणाला, अगदी तसाच झालाय. मग मूठभर. मग बरणी घेऊन तो सगळ्यांत फिरला. खा, खा, बिनसाखरेचा आहे, माझ्या आईने केलाय. सुखदेवराव नको नको म्हणत होते, तर त्यांच्यापुढे वाटी भरून ठेवली. कुसुमताई ओवाळणीचं ताट हातात धरून बघत होत्या. खरं काय ते तोंडापर्यंत आलं होतं. पण दीड वर्षाने मुलगा त्यांच्या हातचं असं खात होता.

"मी स्वतःच्या हाताने वाटी दिली त्यांना," केदार आता म्हणत होता. "माझ्या हाताने."

आतून सुखदेवरावांचा आवाज आला, "काही होत नाही जी, विहीणबाई. लग्नात तर मी जिलबी बी खातो."

"बाबा, तुम्ही आता एक अक्षर बोलू नका," श्रद्धा म्हणाली. मग ती दाराशी आली. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय, तासाभराने परत तपासायचं, उतरली नाही तर न्यायचं. हे सगळं तिने केदारला सांगितलं. कुसुमताईंना तिने एवढंच विचारलं, "आई, तनयाला तुम्ही रोज शाळेतून पेठेत तुमच्या घरी नेता. मधे काय देता हो तिला?"

"फळं देते."

श्रद्धा त्यांच्याकडे बघत राहिली. खरंच फळंच देत होत्या त्या. पण ते आता कसं पटवायचं, हे त्यांना सुचेना. श्रद्धा आत गेली.

"तिलाही खोटं वाटतंय," कुसुमताई म्हणाल्या.

"मग कुणाला खरं वाटावं?"

"चुकलं रे माझं. पूड जमली नाही मला. सांगायला हवं होतं."

"बास, एवढंच सांगायचं होतंस. मी चुरमुऱ्याचे दागिने केले असते." तो खुर्चीत बसला. आवाज खाली आला होता. मोबाइल त्याने टेबलावर उपडा ठेवला. मग काहीतरी आठवल्यासारखं त्याचं कपाळ आक्रसलं.

"बाबा सांगायचे, चौथ्याच दिवशी सवय झाली."

कुसुमताईंनी पदर सावरला.

"मी दीड वर्षं बिनसाखरेचा चहा पितोय, आई. मला अजून नाही झाली. रोज सकाळी पहिला घोट कडूच लागतो. मी म्हणायचो, बाबांची जिद्दच वेगळी. आपल्यात ती नाही." त्याने आईकडे पाहिलं. "बाबांचा चहा तूच करायचीस ना?"

"मग कोण करणार?"

"त्यात साखर होती?"

त्याच्या आवाजात आता राग नव्हता. नाही म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. 

कुसुमताई उठल्या. खुर्चीवरची पर्स त्यांनी काखेत घेतली.

तनयाने मान वर केली. "आजी, तू आज राहणार होतीस ना?"

"आई, मी काहीतरी विचारलंय."

त्यांनी भिंतीला धरून चपला घातल्या. एक पट्टा नीट बसला नाही, तरी पुन्हा वाकल्या नाहीत. दार उघडलं. लिफ्ट दुसऱ्याच कुठल्या मजल्यावर होती. तिची वाट न बघता त्या जिन्याने उतरायला लागल्या.