अमेरिकन खोक्यातला पतंग
चिडाच्या फळ्यांचा वास आला की मी थेट कुवेतला पोचतो. साठ सालच्या सुमारास मीना अल-अहमदी या तेलाच्या बंदरावरच्या एका गोदामात मी स्टोअरकीपर होतो. ऊन असं, की सावलीसुद्धा घाम पुसत फिरायची. एकदा अमेरिकेहून आलेलं चिडाच्या फळ्यांचं खोकं फोडलं, तर आतून नखाएवढा करडा पतंग उडाला आणि भिंतीवर पंख सपाट पसरून बसला. वाळूला कंटाळलेले आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो. “अरे, ह्यो तर आपल्या रत्नांग्रीचा! कंदिलावर येतो तो,” आमचा बावर्ची चाचा ओरडला. खोक्यावर शिक्का अमेरिकेचा असला म्हणून काय झालं? मी तर त्याला आमच्या परसातल्या फणसावरचा ठरवून त्याच्या सात पिढ्या सांगून टाकल्या. तेवढ्यात अमेरिकन इंजिनिअर भिंग घेऊन आला. पंखांवरच्या नागमोडी रेघा आणि काळे ठिपके त्याने बराच वेळ न्याहाळले. “आमच्या घरामागच्या रानातला आहे. याची अळी वितीने माप घेतल्यासारखी चालते,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “इथे याला जोडीदार मिळायचा नाही.” चाचाने त्याच्या हातात चहा दिला. साहेबाला सबंध कुवेतात आपलं म्हणायला तेवढाच एक जीव होता, म्हणून मी गप्प बसलो. पण आज तुम्हाला सांगतो, तो पतंग आमच्या फणसावरचाच होता.